टाकीत क्लोरीन भरपूर, शेवटच्या नळाला शून्य: पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचं मूळ शोधताना

तक्रारीचं स्वरूप जवळपास सगळीकडे सारखंच असतं. वस्तीच्या टोकाकडून निरोप येतो, की नळाच्या पाण्याला वास येतोय, सुरुवातीचं पाणी गढूळ येतंय, दोन-चार घरांत जुलाब सुरू झालेत. कोणीतरी धावत जाऊन टाकीत ब्लीचिंग पावडर वाढवतो. दोन-तीन दिवस बरे जातात, शेवटच्या नळालाही क्लोरीन लागतो, तक्रार बंद होते. मग काही आठवड्यांनी, किंवा पहिल्याच मोठ्या पावसात, पुन्हा तीच गल्ली, तोच नळ आणि तोच निरोप. नोंदवहीत दर वेळी एकच ओळ: ‘क्लोरीनचे प्रमाण वाढवले.’

त्या दिवशी डोस वाढवण्यात काहीच गैर नाही, तो वाढवायलाच हवा. पण टाकीतून निघालेला क्लोरीन वाटेत नेमका कुठे आणि कशामुळे संपला, हे न शोधता तक्रार निकाली काढली तर ती परत येणारच. शेवटच्या नळावर पाणी भरणाऱ्यांना पाणी सगळ्यात उशिरा, सगळ्यात कमी दाबाने मिळतं आणि दूषित झालं तर तेही आधी त्यांच्याच वाट्याला येतं. त्या नळावरून सबंध योजनेची परीक्षा करावी, असं माझं ठाम मत आहे. टाकीखालच्या नळावरचा आकडा कितीही चांगला असला तरी तो टोकाच्या घरातल्या बाळाच्या काही उपयोगाचा नाही.

शोधाला लागण्याआधी

ज्या भागात शेवटच्या नळाला क्लोरीन शून्य आहे आणि पाणी गढूळ किंवा वासाचं आहे, तिथे प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहू नका. जिवाणू तपासणीला निदान एक दिवस जातो आणि तोवर लोक तेच पाणी पीत राहतात. त्याच दिवशी घरोघरी सांगा: पिण्याचं, दात घासायचं, बाळाच्या दुधात मिसळायचं पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळत ठेवा आणि झाकून गार करा. समुद्रसपाटीपासून साधारण २,००० मीटरच्या वर असलेल्या वस्त्यांत ३ मिनिटं उकळा, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, स्वच्छ कापडातून गाळा, मग उकळा.

सोबत आरोग्य केंद्राकडून जुलाब-उलटीच्या रुग्णांची गल्लीनिहाय माहिती घ्या. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले, तेव्हा ते ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेले दिसले. कॉलरा जंतूंमुळे होतो हे तेव्हा वैद्यकाला मान्यही नव्हतं. आजही रुग्णांच्या घरांच्या खुणा जलवाहिनीच्या नकाशावर केल्या, की संशयाचा पट्टा चटकन लहान होतो. सगळे रुग्ण एकाच व्हॉल्व्हच्या पुढचे निघाले तर कामाला कुठून लागायचं हे ठरलंच.

मोजमाप तरी भरवशाचं आहे ना?

बरेच गोंधळ इथूनच सुरू होतात, म्हणून यावर जरा सविस्तर.

डीपीडी या क्लोरीन तपासण्याच्या रसायनाची गोळी नळीतल्या नमुन्यात टाकली, की मोकळा क्लोरीन (म्हणजे दुसऱ्या कशाशी न जोडला गेलेला) असलेलं पाणी गुलाबी होतं. रंग जितका गडद तितका क्लोरीन जास्त. पण क्लोरीन फारच जास्त असेल तर नळीत गुलाबी छटा क्षणभर चमकते आणि उडून जाते. हातात राहते ती स्वच्छ, बिनरंगाची नळी. बघणारा ‘शून्य’ लिहितो आणि आधीच जास्त झालेल्या डोसात आणखी भर घालतो. टाकीजवळच्या पाण्याला उग्र वास आहे आणि तपासणीत मात्र शून्य येतंय, असं दिसलं की एक भाग नमुना आणि नऊ भाग डिस्टिल्ड पाणी मिसळून पुन्हा बघा. गुलाबी आला तर वाचलेल्या आकड्याला १० ने गुणा.

डीपीडीच्या संचात साधारणपणे दोन गोळ्या असतात. १ क्रमांकाची गोळी मोकळा क्लोरीन दाखवते. त्याच नळीत ३ क्रमांकाची टाकली की एकूण क्लोरीन कळतो. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे अमोनिया आणि तत्सम पदार्थांशी जोडला गेलेला क्लोरीन. काही मोठ्या योजना मुद्दाम क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग) वापरतात, त्यांची गोष्ट वेगळी. पण तुमच्याकडे साधा क्लोरीन वापरत असतील, टाकीजवळ हा फरक नगण्य असेल आणि टोकाला एकूण क्लोरीन दिसूनही मोकळा शून्य असेल, तर वाटेत कुठेतरी अमोनिया मिसळलाय. पिण्याच्या पाइपमध्ये अचानक अमोनिया दिसला की पहिला संशय सांडपाण्याचाच घ्यायचा. ही दोन गोळ्यांची तपासणी मिनिटभराची आहे, तरी दुसरी गोळी पाकिटात तशीच पडून राहते. ती वापरा.

वासावरून अंदाज बांधू नका. डोळ्यांत चरचरणारा, नाकात बसणारा ‘क्लोरीनचा वास’ बऱ्याचदा या जोडलेल्या क्लोरीनचा असतो. म्हणजे लोक म्हणतात ‘औषध जास्त झालंय’, आणि प्रत्यक्षात मोकळा क्लोरीन पुरेसा नसतो.

अजूनही बऱ्याच ठिकाणी ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळा रंग बघतात. या द्रावणाला दोन मोठ्या अडचणी आहेत. पाण्यात लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असेल तर क्लोरीन नसतानाही पिवळेपणा येतो. शिवाय नळी थोडा वेळ तशीच ठेवली, की जोडलेला क्लोरीनही रंग देऊ लागतो आणि मोकळा किती हे कळत नाही. रसायन आरोग्यालाही घातक मानलं जातं. तपासणाऱ्या माणसाच्या हातांचा विचार करून तरी डीपीडीकडे वळावं. कुठलाही संच असो, मुदत संपलेली किंवा ओल लागलेली गोळी वापरू नका आणि नमुना घेतला की तिथेच, नळाजवळच, वाचा. बाटलीत भरून कार्यालयात नेईपर्यंत क्लोरीन उतरलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यांनुसार क्लोरीन मिसळल्यावर ३० मिनिटांनी, पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) ८ पेक्षा कमी असताना, मोकळा क्लोरीन निदान ०.५ पीपीएम (म्हणजे एका लिटरला ०.५ मिलिग्रॅम) हवा. नळावर पोहोचताना तो किमान ०.२ पीपीएम उरायला हवा. आरोग्याच्या दृष्टीने वरची मर्यादा ५ पीपीएम आहे, पण तितक्या चवीचं पाणी लोक पिणार नाहीत आणि दुसऱ्या, कदाचित असुरक्षित पाण्याकडे वळतील. तेव्हा वाढवायचा म्हणून वाढवत नेणं हा मार्ग नाही.

पाण्याबरोबर चालत जा

आता मुख्य काम. ज्या दिवशी पाणी सुटतं त्या दिवशी, एकाच पाळीत, क्लोरीन मिसळण्याच्या जागेपासून शेवटच्या नळापर्यंत मोजत जायचं. टाकीत शिरणारं पाणी, टाकीतून बाहेर पडणारं पाणी, मुख्य वाहिनीवरचे एक-दोन नळ, प्रत्येक फाट्याची सुरुवात आणि शेवट. प्रत्येक ठिकाणी मोकळा क्लोरीन, एकूण क्लोरीन, गढूळपणा आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण). टीडीएसचं मीटर खिशात मावतं. त्याने पाणी सुरक्षित आहे की नाही हे मुळीच कळत नाही, तरीही या शोधात त्याचा एक छान उपयोग होतो, तो पुढे सांगतो.

शेवटच्या नळावर मात्र एकदा मोजून निघून येऊ नका. पाणी आल्या आल्या, मग दहा मिनिटांनी, मग पुरवठा अर्ध्यावर असताना आणि बंद व्हायच्या जरा आधी, असं मोजा. दूषितपणा कोणत्या वेळी येतो यातच त्याचं कारण बहुतेक वेळा सापडतं. दिवसभर ठीक असलेला नळ पहिल्या पाच मिनिटांत अत्यंत घाण पाणी देत असेल आणि तपासणारा दर वेळी अर्ध्या तासानंतर पोहोचत असेल, तर वर्षानुवर्षं अहवाल ‘योग्य’ येत राहील आणि घरातली माणसं आजारी पडत राहतील.

आकडे एका कागदावर ओळीने मांडले, की पुढीलपैकी एक चित्र दिसतं.

टाकीतून निघतानाच कमी

टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातच ०.५ पीपीएम नसेल तर वितरण वाहिन्यांकडे अजून बघू नका. पहिला संशय पावडरवर. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, तापलेल्या खोलीत पडून राहिलं, की तो उडत जातो. पोत्याचं वजन मात्र होतं तसंच भरतं. हिशेब बघा. १ लाख लिटर पाण्याला २ पीपीएमचा डोस म्हणजे २०० ग्रॅम क्लोरीन. ३३ टक्क्यांच्या पावडरीने त्यासाठी सुमारे ६०६ ग्रॅम लागतील. तीच पावडर २० टक्क्यांवर उतरली असेल, तर १ किलो हवी. भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे ६०६ ग्रॅमच टाकली तर पाण्याला मिळाले जेमतेम १.२ पीपीएम. वजन करणाऱ्याने काम चोख केलं, तरी पाणी असुरक्षितच राहिलं. म्हणून पावडरची ताकद ठरावीक काळाने तपासून घ्यायची, पोत्यावर उघडल्याची तारीख लिहायची, तोंड घट्ट बांधायचं आणि जुनं पोतं आधी संपवायचं.

दुसरी गोष्ट मिसळण्याची पद्धत. कोरडी पावडर टाकीत ओतली की चुना तळाला बसतो, क्लोरीन एका कोपऱ्यात राहतो आणि बाहेर जाणारं पाणी त्याला न भेटताच निघून जातं. प्लॅस्टिकच्या बादलीत पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत पाणी पडत असतानाच सोडायची. थेंब-थेंब द्रावण सोडणारं साधन असेल तर त्याचं भांडं भरलेलं असताना थेंब जोरात पडतात आणि रिकामं होत आलं की मंदावतात. सकाळी डोस ठीक आणि दुपारी कमी, असा नमुना दिसला तर आधी हेच तपासा. नळीच्या तोंडाशी साठलेल्या चुन्यानेही हेच होतं.

पावडर चांगली, मिसळणं चांगलं, तरी क्लोरीन टिकत नाही? मग पाण्याची क्लोरीन खाण्याची भूक वाढली आहे. ती मोजायला साधा प्रयोग पुरतो. स्वच्छ प्लॅस्टिकच्या चार बादल्यांत क्लोरीन न टाकलेलं मूळ पाणी २०-२० लिटर भरा. १ टक्का क्लोरीनचं द्रावण सिरिंजने अनुक्रमे २, ४, ६ आणि ८ मिलिलिटर टाका. म्हणजे डोस झाले १, २, ३ आणि ४ पीपीएम. ढवळा, ३० मिनिटं थांबा आणि प्रत्येकीतला मोकळा क्लोरीन मोजा. ज्या बादलीत ०.५ पीपीएमच्या जवळ उरेल तो त्या दिवसाचा डोस. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पाण्याचा स्रोत बदलल्यावर हा प्रयोग नव्याने करायलाच हवा, कारण कोरड्या दिवसांतला डोस गढूळ पाण्याला पुरत नाही.

पीएचही बघा. ७.५ च्या आसपास मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण निम्मा भाग जंतू मारण्यात तरबेज अशा हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, ८.५ ला हा भाग दहावा हिस्सा उरतो. आकडा तोच, काम मात्र कितीतरी कमी.

टोकाकडे जाताना हळूहळू उतरतो

प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा कमी आणि टीडीएस सगळीकडे सारखा, असं चित्र असेल तर बाहेरून काही मोठ्या प्रमाणात मिसळत नसावं. क्लोरीन पाइपच्या आतच खर्च होतोय: तळाला साचलेला गाळ, लोखंडी पाइपचा गंज, भिंतींवर चिकटलेला जिवाणूंचा बुळबुळीत थर. शिवाय पुढे कुठेच न जोडलेल्या फाट्यांमध्ये पाणी पडून राहतं. उन्हाळ्यात हे सगळं अधिक वेगाने होतं.

उपाय म्हणजे वाहिनी धुऊन काढणं. टाकीकडून टोकाकडे, एका वेळी एकच फाटा. बाजूचे व्हॉल्व्ह बंद करून सगळं पाणी त्याच फाट्यात जोराने न्यायचं आणि वॉशआउटमधून, म्हणजे वाहिनी रिकामी करायच्या तोंडातून, बाहेर काढायचं. सगळे वॉशआउट एकदम उघडले तर वेग मिळत नाही, गाळ नुसता जागचा हलतो आणि लोकांच्या नळांत जातो. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, आणि क्लोरीन टाकीच्या आकड्याच्या जवळ येईपर्यंत सोडायचं. फारच लांबच्या फाट्याला वाटेत पुन्हा क्लोरीन देण्याची सोय करावी लागते.

मात्र वाहिनी धुण्याआधी टाकी बघा. १९९३ च्या अखेरीस अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या गिडियन या छोट्या गावात पाण्याच्या चवीच्या आणि वासाच्या तक्रारी आल्या म्हणून सगळी वाहिनी धुऊन काढली. पाण्यात क्लोरीन टाकलेला नव्हता आणि एका टाकीत पक्ष्यांमुळे साल्मोनेला हा जुलाब घडवणारा जिवाणू शिरला होता. वाहिनी धुताना टाकीतलं ते पाणी गावभर पसरलं. शेकडो लोक आजारी पडले आणि वृद्धाश्रमातल्या सात जणांचे मृत्यू या साथीशी जोडले गेले. म्हणून टाकीच्या झाकणाची कडा, हवेच्या नळीवरची जाळी, ओव्हरफ्लोच्या पाइपचं तोंड आणि तळाचा गाळ या चार गोष्टी वर चढून डोळ्यांनी बघितल्याशिवाय वॉशआउटला हात लावू नये. खालून बघून ‘टाकी ठीक’ असं लिहिलेल्या नोंदीला काही अर्थ नाही. टाकीत उतरायचं झालं तर एकट्याने कधीही नाही. आत हवा खेळती नसते आणि क्लोरीनच्या वाफा साठतात.

एका टप्प्यात एकदम कोसळतो, किंवा पहिल्या धारेलाच घाण येते

वारंवार परतणाऱ्या तक्रारींमध्ये माझा पहिला संशय इथेच जातो. एका नळाला ०.४ आणि पुढच्याच नळाला शून्य. सोबत टीडीएस बदलला असेल, तर त्या दोन नळांच्या मध्ये वाहिनीत बाहेरचं पाणी शिरतंय. टीडीएसचा उपयोग तो हा. मात्र टीडीएस बदलला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण सांडपाणी थोडंसंच शिरलं तर टीडीएस हलत नाही, पण क्लोरीन संपतो आणि जंतू पोहोचतात.

चोवीस तास दाब असलेल्या वाहिनीला भोक पडलं तर पाणी बाहेर येतं. ठरावीक वेळी पाणी सोडणाऱ्या योजनेत पुरवठा थांबल्यावर वाहिनी रिकामी होऊ लागते, आत पोकळी तयार होते आणि जे भोक सकाळी बाहेर पाणी टाकत होतं तेच दुपारी आजूबाजूचं पाणी आत ओढतं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की आत आलेली घाण पहिल्या धारेबरोबर टोकाच्या घरांत. म्हणूनच गळती म्हणजे केवळ पाणी वाया जाणं असं समजणं धोक्याचं आहे.

व्हॉल्व्ह चेंबर उघडून बघा. झाकण फुटलेलं, आत पावसाचं आणि गटाराचं काळपट पाणी, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बुडालेला. पाणी सुटलं की स्पिंडलच्या, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवायच्या दांड्याच्या, बुडाशी ग्लँडमधून (पाणी अडवणारं पॅकिंग जिथे बसवतात तिथून) बुडबुड्यांची बारीक रांग वर येते. ती रांग दिसली म्हणजे पॅकिंग गेलंय. आता भिंतीवर खडूने पातळीची रेघ मारा. पुरवठा सुरू असताना पाणी रेघेच्या वर गेलं आणि पुरवठा थांबल्या थांबल्या झपाट्याने खाली उतरलं, तर ते पाणी वाहिनीत चाललंय असं धरून चाला. चेंबर उपसा, पॅकिंग बदला, तळाला निचरा करा, काठ रस्त्याच्या पातळीच्या वर उचलून घ्या. एका पॅकिंगसाठी सबंध गल्ली महिनोन्महिने आजारी राहू शकते, आणि असं होऊ देणं कुणाच्याही नशिबावर ढकलता येणार नाही.

चेंबर कोरडं निघालं तर नळजोडण्या बघा. गटारातून किंवा गटाराला चिकटून नेलेले अर्ध्या इंची पाइप, पूर्वी तोडलेल्या पण मुळाशी बंद न केलेल्या जोडण्या, जमिनीखाली खड्ड्यात बसवलेले बिनतोटीचे नळ, पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेली रबरी नळी. शेवटच्यात पुरवठा थांबला की हौदातलं पाणी उलट ओढलं जातं. आणि थेट नळाला लावलेल्या मोटारी. दाब कमी असताना मोटार लागली की त्या फाट्यात पोकळी निर्माण होते आणि शेजाऱ्याच्या जोडणीतल्या फटीतूनही घाण आत येते. मोटार लावणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण टोकाला दाबच येत नसेल तर तो माणूस दुसरं काय करणार? मोटारी बंद करायच्या असतील तर दाब समान मिळेल अशी व्हॉल्व्हची पाळी आधी लावून द्यायला हवी.

जागा शोधताना सगळी गल्ली खणू नका. चांगला नळ आणि वाईट नळ यांच्या मधोमधचा नळ तपासा. तो चांगला असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, वाईट असेल तर मागच्या. असं अर्धं-अर्धं करत गेलं की थोड्याच नमुन्यांत दोन-तीन घरांच्या अंतरापर्यंत पोहोचता येतं. तोवर त्या भागातल्या घरांना सांगा, की पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नका, धुण्या-सांडण्याला वापरा. हा तात्पुरता आधार आहे. खणून दुरुस्ती झाल्याशिवाय सोडू नये.

एकाच घरात वाईट आणि शेजारी चांगलं असेल, तर दोष बहुधा त्या घरातल्या जमिनीखालच्या किंवा गच्चीवरच्या टाकीत असतो. रस्त्यावरच्या जोडणीतून थेट नमुना घेतला की लगेच कळतं.

क्लोरीन ठीक, तरी लोक आजारी

असंही होतं आणि तेव्हा ‘आमचं पाणी बरोबर आहे’ म्हणून हात झटकू नयेत. १९९३ च्या वसंतात अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन होता, पण या परजीवीच्या कवचापुढे पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनचं काही चालत नाही. त्याला अडवतं ते चांगलं गाळण, आणि त्या काळात एका शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढलेला होता. गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली ठेवण्याचा आग्रह यासाठीच धरायचा. तुरटीचा डोस आणि फिल्टरची धुलाई बिघडली असेल तर क्लोरीनने ती भरून निघत नाही.

नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक यांचा प्रश्न असेल तर हा लेख उपयोगी नाही. त्यांच्यावर क्लोरीनचा उपाय नाही आणि उकळल्याने तर पाणी आटून त्यांचं प्रमाण उलट वाढतं. तिथे स्रोत बदलणं किंवा खास शुद्धीकरण यांचाच विचार करावा लागतो.

दुरुस्तीनंतर

पाइप जोडला आणि खड्डा बुजवला म्हणजे काम संपलं, असं होत नाही. बसवायचे तुकडे आणि जोड आतून १ टक्का क्लोरीनच्या द्रावणाने पुसून घ्या. नवी वाहिनी टाकली असेल तर २५ पीपीएमचं पाणी भरून २४ तास ठेवायचं आणि मग पूर्ण धुऊन काढायचं. इतकं तीव्र पाणी ओढ्या-नाल्यात तसंच सोडलं तर मासे मरतात, तेव्हा ते आधी निष्प्रभ करा.

जिवाणू तपासणीचा नमुना त्याच टोकाच्या नळाचा घ्या. बाटली निर्जंतुक हवी आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट हवं. ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतच जंतू मारत राहतो आणि प्रत्यक्षात नळाला काय होतं ते कळत नाही. बाटली काठोकाठ भरू नका, बर्फाच्या डब्यातून न्या, जमल्यास ६ तासांत आणि काहीही झालं तरी २४ तासांच्या आत पोहोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू एकही सापडता कामा नये. जागेवरच जिवाणू तपासायची हायड्रोजन सल्फाइडची बाटली काळी झाली तर पाणी संशयास्पद धरा. काळी झाली नाही म्हणून मात्र ते सुरक्षित ठरत नाही.

आणि नोंदवही. मे २००० मध्ये कॅनडातल्या वॉकर्टन गावात जोरदार पावसानंतर गुरांच्या शेणातला ई. कोलाय एका उथळ विहिरीतून नळांत पोहोचला. सात माणसं दगावली, सुमारे २,३०० आजारी पडली. न्यायालयीन चौकशीत निघालं, की क्लोरीन रोज मोजला जातच नव्हता. नोंदवहीत आकडे नुसते लिहिले जात होते. त्यामुळे पानभर ०.५, ०.५, ०.५ असं दिसलं की मला काळजी वाटते. खरं मोजलेले आकडे खाली-वर होतात. व्हॉल्व्हमनने ‘शून्य’ लिहिल्याबद्दल त्याला बोलणी बसत असतील, तर तो पुढच्या वेळी ०.२ लिहील. शून्य लिहिणाऱ्याला शाबासकी द्या आणि त्याच दिवशी त्याच्यासोबत त्या नळावर जा. वहीत नळाची जागा, पाणी सुटल्यानंतर किती मिनिटांनी मोजलं, मोकळा आणि एकूण क्लोरीन, गढूळपणा आणि त्या दिवशी पाऊस होता का, एवढे रकाने असले तरी पुढच्या वेळी शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

उकळून पिण्याची सूचना मागे घेण्याची घाई नको. टोकाच्या नळाला पहिल्या धारेपासून शेवटपर्यंत ०.२ पीपीएम किंवा त्याहून जास्त क्लोरीन लागोपाठच्या पाळ्यांत टिकला, पाणी स्वच्छ आलं आणि वेगवेगळ्या दिवशी घेतलेले निदान दोन जिवाणू नमुने निर्दोष आले, की मगच सूचना मागे घ्या. तीही घरोघरी जाऊन, ज्यांना पहिल्यांदा सांगितलं होतं त्या प्रत्येकाला. त्यांना घरातली साठवणीची भांडी रिकामी करून, घासून, नवं पाणी भरायला सांगा. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी पाणी सुटायच्या आधी त्या नळाजवळ हजर राहा आणि पहिल्या धारेचा नमुना घ्या.